उलटी मोट

दिगू गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि तो कोण होता हे दुसऱ्या दिवशी पेपरात.

फोन माझ्या भावजयीचा होता, सुनंदाचा. हळदीचा हंगाम, भर दुपार. मी शाळेतून येऊन नुकती टेकले होते. "अक्का, हे उठून न्हाई राहिले," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता माणसांचा गलका... वसमतजवळच्या एका शेतात हळद शिजवायचा कुकर दुरुस्त करायला गेला होता. काम उरकून बाभळीच्या सावलीत बसला तो बसलाच. छातीचं दुखणं. चाळिशी नुकती ओलांडलेली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी पेपर आणून दिला. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, चार ओळी होत्या. काही वर्षांमागे सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावरच्या उद्यानात ज्याच्या नावेला अपघात झाला, त्या अभियंत्याचं निधन, असा त्यांचा मतलब. मी त्या पेपराचा बोळा केला. अहो, माणसानं उभ्या आयुष्यात शंभर कामं केली, आणि तुम्हाला आठवलं काय, तर जे त्यानं केलंच नाही ते! माझा संताप अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. दिगंबर माझा धाकटा भाऊ. त्याला मी कडेवर वागवलेलं आहे. त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्याच असतील तर त्या मी लिहीन, आणि चारच लिहीन असं नाही.

आमचं गाव शिरड शहापूर. आम्ही लहान असताना विहिरीवर अजून मोट होती. नव्या वाचकांसाठी सांगते, बैल उतारावरून खाली चालत जातात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्यानं भरलेली मोट विहिरीतून वर येते. सगळी पोरं बैलांच्या मागं पळायची. दिगू चाकापाशी पालथा पडून दोराकडं बघत राहायचा. एकदा आबांना म्हणाला, "आबा, बैल खाली गेले की पाणी वर येतं. मंग पाणी खाली गेलं तर काय वर येईल?" आबा बैलांना हाकता हाकता म्हणाले, "तुझं डोस्कं येईल. उठ, न्हाईतर चाकात सापडशील." आम्ही किती हसलो त्याला! पुढं कितीतरी दिवस घरात कुणाला काही सुचेना झालं की आम्ही म्हणायचो, दिगूला विचारा, त्याचं डोस्कं वर आलंय.

नांदेडला डिप्लोमा करून तो पुण्याकडं लागला, जत्रांचे आणि बागांचे पाळणे बनवणाऱ्या एका कारखान्यात. नव्वदची सुरुवात असेल. सुटीला आला की तेच बोलणं. परदेशातला एक खेळ त्यानं तिथं आराखड्यात बघितला होता. रुळावर नाव, नावेत माणसं. आपल्याकडच्या बागांत नावेला साखळीनं खडखडत वर नेतात आणि वरून सोडतात. तिकडं तसं नाही. नाव सपाटीवर उभी असते आणि तिला एकदम असा रेटा बसतो की ती भरधाव चढ चढते, उंचवट्यावरून पलीकडं जाते आणि धप्पकन पाण्यात. "साखळीनं चढवण्यात काय मजा हाय अक्का? ते तर साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या चढतात तसं झालं." मी म्हटलं, मग कर की तुझ्या कारखान्यात. तर म्हणाला, त्या रेट्याला चार-पाच सेकंदांत इतकी वीज लागते की आपल्याकडं लावलं तर गावच्या डीपीतून धूर निघेल. आणि आमच्याकडं तर वीज पाहुण्यासारखी, आली तर आली. हा अडसर त्याच्या डोक्यात पाच-सहा वर्षं घोळत होता.

तो अडसर सुटला आमच्या वसमतच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. मी वाढत होते. त्यानं साबणाची रिकामी डबी घेतली, तिला दोरा बांधला, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडला आणि टोकाला लोटा अडकवला. लोट्यात पाणी ओतलं, हात काढला. लोटा खाली गेला आणि डबी टेबलावरून सुसाट सुटली, ती वरणाच्या पातेल्याला धडकून थेट माझ्या मालकांच्या मांडीवर! मी ओरडले. त्याचं लक्षच नाही. डबीत त्यानं लसणाचे दोन गड्डे टाकले, पुन्हा लोटा सोडला. आता डबी बेतानं गेली आणि कडेला थांबली. "बघ. डबी जड तर पाणी जास्त. डबी हलकी तर पाणी कमी. तेवढं जुळलं की झालं. वीज नको, काय नको. पाणी खाली जाईल आन माणूस वर येईल." मग माझ्याकडं बघून लाजल्यासारखा हसला. "उलटी मोट हाय ही, अक्का." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण या पोराला उगाच हसत होतो.

आमचा जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. ज्याला त्याला जिल्ह्यात काहीतरी पहिलं करायचं होतं. पहिलं हॉटेल, पहिला पेट्रोल पंप, पहिलं मंगल कार्यालय. वसमतच्या मोंढ्यातले हळदीचे अडते काशिनाथशेठ यांना पहिलं जलउद्यान करायचं होतं. सिद्धेश्वरच्या रस्त्याला त्यांचं खडकाळ रान पडून होतं, दोन विहिरी होत्या, धरण बघायला येणारी माणसं होती. दिगूनं त्यांना डबीचा तोच खेळ करून दाखवला आणि शेठ भाळले. पुण्याची नोकरी सोडून दिगू आला. सुनंदा कुरकुरली, मी कुरकुरले, पण त्याच्या तोंडावरचं तेज बघून आमचं काही चालेना. त्यानं शेठला एकच अट घातली. मोजल्याबिगर नाव सुटणार नाही. शेठ म्हणाले, "तुमी म्हणाल ते, इंजिनेरसाहेब."

दीड वर्ष तो त्या रानात राबला. गावच्या पाण्याच्या टाकीएवढा उंच लोखंडी मनोरा उभा केला. मनोऱ्यात एक टाकी, वरखाली सरकणारी. साधी शेतातली मोटर तिच्यात सावकाश पाणी चढवणार, वीज गेली तर डिझेल इंजिन आहेच. टाकी भरली की खटका ओढायचा. टाकी खाली येणार, तारेचा दोर कप्प्यांवरून पळणार आणि नावेला रेटा बसणार. चढ लागायच्या आत कडी आपोआप सुटून नाव मोकळी. टाकी तळाला टेकली की तिचं झाकण उघडणार आणि पाणी शेजारच्या डोहात. तेच पाणी पुन्हा वर. "आमी मराठवाड्याचे लोक. पाणी वाया घालणारं यंत्र मी करीन का?" असं तो ऐटीत सांगायचा. नावेला चाकं तरी किती! रुळाच्या वर, बाजूला, आणि रुळाच्या खालून पकडणारीसुद्धा. मी विचारलं, खालून कशाला? म्हणाला, उंचवट्यावर नाव रूळ सोडून उडाली नाही पाहिजे, मग वेग कितीही असो. डोहाच्या पाण्यावर तर त्यानं दोन महिने घालवले. तिथं रूळ संपतात, नाव पाण्यात रुततरुतत जाते आणि पाणीच तिला थांबवतं. पाणी जास्त झालं तर हिसका बसतो, कमी झालं तर नाव थांबत नाही. म्हणून डोहाच्या भिंतीला त्यानं नेमक्या उंचीवर भोकं ठेवली, वरचं पाणी आपलं आपण वाहून जावं म्हणून. आणि एवढं करून शेवटच्या भिंतीला जुन्या टायरांच्या रांगा लावल्या. शेठ म्हणाले, टायर कशाला, शोभा जाते. दिगूनं ऐकलं नाही.

पण त्याचं खरं डोकं दिसलं ते काट्यात. नावेत बसणाऱ्यांचं वजन घेतल्याशिवाय टाकीत पाणी किती भरायचं हे कळणार कसं? मोंढ्यात हळदीची पोती मोजतात तसा मोठा प्लॅटफॉर्म काटा त्यानं जमिनीत बसवला. मी म्हटलं, अरे बाबा, बायका चारचौघांत काट्यावर उभ्या राहतील का? आठ दिवसांनी तो मला दाखवायला घेऊन गेला. काट्याच्या भोवती कठडा घातला होता. नावेतले बाराच्या बारा जण त्यात एकदम उभे राहायचे, जणू रांगेतच उभे आहेत. तबकडी पलीकडच्या खोलीत, खटक्यावरच्या माणसाला तेवढी दिसणार. काटा जिथं थांबेल त्या रंगाच्या पट्ट्यापर्यंत टाकी भरायची, बस्स. "कुनाचं वजन कुनाला कळत न्हाई. लाजायचं काय कामच न्हाई." इतक्या मायेनं यंत्र करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

चाचण्या शेठच्याच हळदीच्या पोत्यांवर झाल्या. पोती भिजली, डोह पिवळाधमक झाला आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर बातमी गेली की तिथं पाण्यात आपोआप भंडारा आलाय. माणसं पाया पडायला यायला लागली! मग महिनाभर त्यानं आसपासच्या लोकांना फुकट बसवलं. मेंढ्या घेऊन त्या माळावर उतरलेली धनगरांची बिऱ्हाडं होती. त्यातली एक म्हातारी काखेत करडू घेऊनच आली. "ह्याला संगं घेऊ का रं बाबा? मागं सोडलं तर वरडतंय." दिगू म्हणाला, "घे माय, त्याचं बी वजन धरू." नाव पाण्यात पडली, सगळे चिंब झाले, करडू बोंबललं, म्हातारी पदर पिळत उतरली आणि तशीच परत रांगेत जाऊन उभी राहिली. एवढ्या फेऱ्या झाल्या, कुणाला खरचटलं नाही. हे त्या माळावरच्या शेपन्नास माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. पुढं त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता उद्‌घाटनाकडं येते. आमच्याकडं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तुला करायची पद्धत आहे. एका पारड्यात पुढारी, दुसऱ्यात गूळ. गूळ मग लोकांना वाटायचा. माणूस जितका भारी भरेल तितका मान भारी. उद्‌घाटनाला जे साहेब येणार होते (नाव घेत नाही, साहेबच म्हणते), त्यांची गूळतुला त्याच महिन्यात वसमतला झाली होती, काशिनाथशेठच्याच पुढाकारानं. मी गेले होते, शाळेची पोरं घेऊन. साहेब अंगानं तसे बेताचे. पण हार घालायच्या निमित्तानं कार्यकर्ते त्यांच्या पारड्यावर हात टेकून उभे, आणि समोर गुळाच्या ढेपी चढतायत चढतायत. माईकवरून पुकारा झाला, साहेब भरले एक क्विंटल अठरा किलो! टाळ्या. मला हसू आलं होतं. कुणाचं काय जातं, लोकांना गूळ मिळाला, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी मंडप, बँड, गाड्याच गाड्या. साहेब फीत कापून कठड्यापाशी आले आणि त्यांच्या माणसाला कळलं की इथं वजन होतं. तो खेकसला, "साहेबांना काट्यावर चढवता? साहेब काय हळदीचं पोतं हायेत काय?" दिगू म्हणाला, "सगळ्यांचं एकदम होतं साहेब, कुनाला दिसत न्हाई." साहेब हसले, पण पुढं पाऊल टाकेनात. आसपास पेपरवाले होते. साहेब मानानं पहिले आणि एकटेच काट्यावर चढले असते; मग क्विंटल अठरा किलोचे साहेब खरे किती भरतात हे त्या खोलीतल्या तबकडीवर दिसलं असतं, आणि ही गोष्ट साहेबांच्या आधी काशिनाथशेठला उमगली. मी बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत होते, शेठचा चेहरा मला लख्ख दिसत होता. ते पुढं आले आणि म्हणाले, "काटा कशाला? तुलेचं वजन सगळ्या गावाला ठाऊक हाय. आन बाकीची बी भारी माणसं हायेत. टाकी भरून घ्या." दिगू जागचा हलला नाही. खटक्यावर हात ठेवून म्हणाला, "मोजल्याबिगर मी न्हाई सोडत." मला भीतीही वाटली आणि अभिमानही.

त्याला कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. आमचे लोक तसे हुशार. माईकवरून गोड आवाजात पुकारा झाला, की ज्यांनी हे यंत्र घडवलं त्या आपल्या भूमिपुत्राचा साहेबांच्या उपस्थितीत सत्कार होत आहे, तरी त्यांनी मंचावर यावं. दोघांनी प्रेमानं दंडाला धरलं. सगळे टाळ्या वाजवतायत. सुनंदा डोळे पुसतेय. सत्काराला कोण नाही म्हणतं हो? तो चढला. आयुष्यातला त्याचा तो एकच सत्कार. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि तेवढ्यात खाली शेठनं खटक्यावरच्या माणसाला खूण केली. टाकी काठोकाठ भरलेली होती, बारा जाडजूड माणसांच्या हिशेबानं. आणि नावेत? साहेबांच्या शेजारी बसायची टाप कुणाची? त्यांच्या बाजूची जागा मानानं रिकामी, पुढचं बाक रिकामं, म्हणजे फोटोत साहेब झाकले जाऊ नयेत. बाराच्या नावेत पाच जण. मंचावरून दिगूला ते दिसलं असणार. त्याच्या हातून नारळ पडला, तो "थांबा!" म्हणून ओरडला, आणि बँड जोरात वाजायला लागला.

नाव कशी गेली ते मी सांगू शकत नाही, डोळ्यांनी धरलीच नाही. उंचवट्यावर मात्र ती रुळावर टिकली. खालच्या चाकांनी धरून ठेवलं तिला. पण हलकी आणि भरधाव, ती डोहात रुतलीच नाही. पाण्यावरून घसरत गेली आणि टायरांवर आदळली. साहेबांचे पुढचे दोन दात गेले, हात मोडला. त्यांच्या माणसाचा पाय पुढं कायमचा अधू राहिला. जीव कुणाचा गेला नाही. ज्या टायरांनी शोभा जात होती त्यांच्यामुळं गेला नाही, हे मी आज मोठ्यानं सांगते. दिगू शालीसकट डोहात उतरला होता आणि साहेबांना खांद्यावर घेऊन बाहेर आला. त्याचा तो फोटो कुठल्याच पेपरात आला नाही.

तिसऱ्या दिवशी शेठ घरी आले. मी तिथंच होते. म्हणाले, "दिगंबर, हिशेब चुकला असं म्हण. साहेबांनी काटा नाकारला असं तू बोललास तर मला मोंढ्यात बसू देणार न्हाईत." दिगू शांतपणे म्हणाला, "हिशेब चुकला न्हाई, शेठ. घेतलाच न्हाई." यापलीकडं त्यानं एक शब्द वाढवला नाही आणि एक शब्द कमीही केला नाही. मग त्याच्यावाचूनच ठरलं. चौकशीला एक अधिकारी आले, त्यांना मी सगळं सांगितलं, तुलेपासून. ते म्हणाले, "बाई, तुमी सख्ख्या बहीण. तुमची साक्ष कशी धरायची?" खटक्यावरचा माणूस सुरतेकडं कामाला गेला असं कळलं. मंडपात हजारभर माणूस होतं, आणि कुणालाच काही दिसलं नव्हतं! आराखड्यात दोष, असं जाहीर झालं. उद्यान बंद पडलं. मनोरा गॅसनं कापून भंगारात गेला. कापायला सुरुवात झाली त्या दिवशी दिगू सकाळीच तिकडं जाऊन बसला होता. मी आणायला गेले तर म्हणाला, "कप्प्या सावकाश काढा म्हनून सांगून राहिलो, अक्का. चांगल्या हायेत, कुनाच्या कामाला येतील."

पुढची सहा-सात वर्षं तो हळद शिजवायचे कुकर बनवत होता. कढईतली हळद जाऊन वाफेचे कुकर यायला लागले होते, आणि त्याच्यासारखा कुकर दुसरा कुणी करत नव्हता. वाफ जास्त झाली की आपोआप सुटायची, शेजारी उभ्या बाईच्या अंगावर थेंब यायचा नाही. पण घेणार कोण? "नाव उडवली, आता कुकर उडवील," म्हणून लोक हसायचे. म्हणून त्याचे कुकर दुसऱ्याच्या दुकानातून, दुसऱ्याच्या पाटीखाली जायचे. वसमत, औंढा, कळमनुरी, हंगामात बघाल तिकडं त्याची वाफ निघत होती आणि त्याचं नाव कुठं नव्हतं. मी एकदा भडकून म्हटलं, "अरे, सोड हे गाव. पुण्याला परत जा. काहून इथं कुजून राहिला?" तर म्हणाला, "गेलो तर म्हनतील पळाला." मग म्हणाला, "अक्का, एकानं तरी चारचौघांत म्हणाया पायजे व्हतं, की काटा घेतला न्हाई. बास. दुसरं मला काय नको." ही आमची शेवटची नीट भेट. त्यानंतर पंधरा दिवसांत तो गेला.

आणि मग काशिनाथशेठ आले. दहाव्याच्या आदल्या दिवशी, सुतकातल्या घरी भेटायला येतात तसे. आता म्हातारे झालेत, गावात मान आहे, लोक पाया पडतात. अंगणात पंचवीस-तीस माणसं बसली होती. शेठ सरळ आत माजघरात आले, माझ्यापाशी बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, यंत्र बराबर व्हतं. मला त्याच दिशी ठाऊक व्हतं. लई वर्षं तकलीफ व्हती मनाला." आणि रडले. खरंच रडले, खोटं बोलत नाही. मला वाटलं, देवा, आता तरी! मी त्यांचा हात धरून उठवलं, ओसरीवर आणलं आणि अंगणातल्या लोकांना म्हटलं, "ऐका हो, शेठ दिगूबद्दल काहीतरी सांगून राहिलेत." शेठनं डोळे पुसले, सगळ्यांकडं एकवार बघितलं, हात जोडले. म्हणाले, "दिगंबर लई भला माणूस व्हता. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो." लोकांनी माना डोलावल्या. व्हय, भला व्हता, भला व्हता, असं चार तोंडांतून आलं.

बोलले मी नाही. बोलली सुनंदा, जी इतकी वर्षं शेठसमोर पदर सावरून आत जायची. ती दारातून म्हणाली, "शेठ, भला व्हता म्हणू नका. बराबर व्हता म्हणा." शेठ चपला शोधायला लागले. समोरच होत्या, सापडेनात. पाय सरकवता सरकवता गडबडीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरं... येतो मी." सुतकाच्या घरातून निघताना आमच्याकडं कुणी 'येतो' म्हणत नाही. लहान लेकरालासुद्धा हे माहीत असतं. अंगणातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सुनंदा म्हणाली, "या."

त्याला आता दीड महिना झाला. परवा मी तिच्याकडं गेले होते. दिगूनं स्वतः जोडलेली एक लोखंडी खुर्ची आहे, कुकरचं काम करताना तो तिच्यावर बसायचा. ती शेडमधून काढून, पुसून, सुनंदानं ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून ठेवली होती. शेजारी पाण्याचा तांब्या झाकून. मी विचारलं, "ही इथं काहून?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शेठ येतो म्हणून गेलेत ना, अक्का."